कासीद कोणाला बांधील?

जानेवारी १७६१. पानिपतचा संग्राम होऊन थोडेच दिवस झाले होते. नानासाहेब पेशवे फौजेसह नर्मदा ओलांडण्याच्या बेतात असताना पानिपतहून औरंगाबादकडे निघालेला एक कासीद वाटेत गाठ पडला. तो सरकारी नव्हता. तो सावकारांच्या चाकरीत होता आणि नऊ दिवसांत औरंगाबादेस पत्र पोहोचवण्याची हमी त्याने घेतली होती. पेशव्यांनी ते पत्र फोडून वाचले. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवला आहे.

त्या पत्रातील मोत्यांचा आणि मोहरांचा सांकेतिक हिशेब मराठी वाचकाला शाळेच्या बाकापासून ठाऊक असतो, आणि त्या दुःखापुढे दुसरे काही दिसेनासे व्हावे हे स्वाभाविकच आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र त्या कासिदाने पत्करलेल्या दोन जबाबदाऱ्या विचारात पाडतात. पहिली उघड होती: अमुक दिवसांत, अमुक ठिकाणी पत्र पोहोचवायचे. दुसरी न बोललेली होती: ज्याचे पत्र त्याच्याच हाती द्यायचे. सावकाराने या कामाचे दाम मोजले होते, म्हणून कासीद त्याला बांधील होता, हे कोणीही मान्य करील. दाम मोजले नसते तर तो बांधील राहिला नसता काय? अडीचशेहून अधिक वर्षांनी त्याच पानिपतात हा प्रश्न माझ्यासमोर वेगळ्या वेषात आला.

आजचे पानिपत हे विणकामाचे शहर आहे. चादरी, सतरंज्या, ब्लँकेटे आणि पायपुसणी येथून देशभर आणि देशाबाहेर जातात; जगभरातून आलेल्या जुन्या कपड्यांपासून सूत काढणारे कारखानेही येथेच आहेत. एका हिवाळ्यात तेथील एक छोटा व्यापारी माझ्याकडे आला. निवृत्त अधिकाऱ्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, ही आपल्याकडची जुनी रीत. त्याचा सारा धंदा एका विनामूल्य ऑनलाइन सेवेवरील खात्यात साठवलेला होता: नमुन्यांची छायाचित्रे, गिऱ्हाइकांचे पत्ते, ठरलेले दर आणि तोंडी सौद्यांचा एकमेव लेखी पुरावा. सेवा कोणती, हे येथे गौण आहे. एका सकाळी ‘नियमभंग’ एवढेच कारण दाखवून ते खाते बंद झाले. कोणता नियम, कधी आणि कसा मोडला, याविषयी अक्षरही नव्हते. ब्लँकेटांचा हंगाम ऐन भरात होता. त्याने मला विचारले, “साहेब, अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा?”

आयुष्यभर अर्ज स्वीकारणाऱ्या टेबलामागे बसलेल्या मला याचे उत्तर चटकन देता आले नाही. आम्ही शोधाशोध करून त्या सेवेच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता मिळवला आणि तक्रार पाठवली. यंत्राने लिहिलेली पोच आली. एकोणिसाव्या दिवशी खाते आपोआप उघडले. ते बंद का झाले होते हे जसे कळले नाही, तसे उघडले का हेही कळले नाही. दरम्यान ठरलेल्या दोन मोठ्या मागण्या दुसऱ्याकडे गेल्या होत्या. भरपाईचे विचारले तेव्हा त्याच्या वकिलाने सांगितले की सेवा फुकट आहे, त्यामुळे ग्राहक आयोगात जाता येणार नाही.

वकिलाचे म्हणणे कायद्याच्या अक्षराला धरून होते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून विनामूल्य दिली जाणारी सेवा वगळलेली होती. २०१९ मध्ये नवा कायदा आला, त्यात ऑनलाइन व्यापाराचा विचार झाला, परंतु कलम २(४२) मधील हे अपवादाचे शब्द तसेच राहिले. व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणाऱ्यालाही कायदा ग्राहक मानत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यापुरती त्यात सवलत आहे. पानिपतचा तो व्यापारी कदाचित या सवलतीत बसला असता. ‘विनामूल्य’ या शब्दाची भिंत मात्र त्याला ओलांडता आली नसती.

ही भिंत जितकी भक्कम दिसते तितकी ती आहे काय? १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या खटल्यात रुग्णालयांचा विचार केला. सर्वच रुग्णांना मोफत उपचार देणारे रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहील, असे न्यायालयाने ठरवले. परंतु जेथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, तेथे मोफत उपचार घेणाराही ग्राहकच आहे, कारण त्याच्यावरील खर्च पैसे देणाऱ्यांच्या रकमेतून भागतो आणि तो त्या सेवेचा लाभार्थी ठरतो, असाही निर्वाळा दिला. आता हीच मांडणी ऑनलाइन सेवांना लावून पाहावी. जाहिरातदार पैसे देतो, मोठा व्यापारी पैसे देतो, आणि त्या पैशावर सामान्य वापरकर्त्याची ‘मोफत’ सेवा चालते. फरक असलाच तर तो वापरकर्त्याच्या बाजूने आहे. रुग्णालयातील गरीब रुग्णामुळे रुग्णालयाला काही मिळकत होत नव्हती. येथे वापरकर्ता नसेल तर जाहिरातदार येणारच नाही.

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ या म्हणीचा आधार घेऊन अनेकजण हा विषय झटकून टाकतात. फुकट मिळालेल्याची चिकित्सा कशाला, असा त्यांचा भाव असतो. दानाच्या बाबतीत हा भाव योग्यच आहे. परंतु जी गाय आपल्या गोठ्यात, आपल्या वैरणीवर उभी आहे आणि जिचे दूध दुसऱ्याच्या डेअरीत जाते, ती दानाची गाय नव्हे.

व्हॉट्सॲपचा भारतातील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. ही सेवा एकेकाळी पहिल्या वर्षानंतर नाममात्र वार्षिक शुल्क आकारत असे. २०१४ मध्ये ती फेसबुकने विकत घेतली. जानेवारी २०१६ मध्ये शुल्क रद्द झाल्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी २५ ऑगस्टला वापरकर्त्यांची माहिती मूळ कंपनीला देण्याची मुभा घेणारे नवे धोरण जाहीर झाले. शुल्क गेले आणि सात महिन्यांत माहितीची मागणी आली. एकामुळेच दुसरे घडले असे मी म्हणत नाही. मात्र मोबदला नाहीसा न होता त्याचे रूप पालटू शकते, हे यातून दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आधीच्या माहितीपुरते संरक्षण दिले आणि अशा संदेशसेवांना वैधानिक नियमनाखाली आणता येईल काय, याचा विचार करण्यास शासनाला व दूरसंचार नियामकाला सांगितले. पुढे २०२१ चे धोरण आले. त्यात ‘स्वीकारा, नाहीतर सेवा सोडा’ एवढाच पर्याय होता. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी या धोरणाला वर्चस्वाचा गैरवापर ठरवून २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये तो दंड कायम ठेवला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावरील पाच वर्षांची मनाई मात्र रद्द केली. या साऱ्यात एक गोष्ट नजरेआड होऊ नये: असा दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती घेतली गेली, त्याच्या हाती त्यातील काहीच पडत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप असा की कोणी सक्ती केलेली नाही. पटत नसेल तर सोडून द्यावे. जानेवारी २०२१ मधील एका सुनावणीत दिल्ली उच्च न्यायालयातूनही तोंडी असाच सूर उमटला होता. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने भारतातील व्हॉट्सॲप वापरकर्त्यांची संख्या ५३ कोटी सांगितली. ज्या पेठेत गिऱ्हाईक, पुरवठादार, वाहतूकदार आणि मुलांची शाळा हे सारे एकाच ठिकाणी भेटतात, ती पेठ सोडणे म्हणजे धंदा सोडणे होय. खासगी मालकीच्या जागेतून गावाचा एकमेव रस्ता जात असेल तर त्या मालकीचे स्वरूप बदलते, हे महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. बंधने लादली तर सेवा मोफत राहणार नाहीत आणि फटका गरिबालाच बसेल, असे म्हटले जाते. त्याचे उत्तर आपल्याच देशात तयार आहे. यूपीआयने पैसे पाठवणाऱ्याला शुल्क पडत नाही, आणि १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडूनही या व्यवहारांवर शुल्क घेता येत नाही. तरीही रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार खात्यातून वजा झालेली पण समोरच्याला न पोहोचलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी लागते आणि त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते, तीही ग्राहकाने न मागता. सेवा फुकट होती म्हणून तुमचे पैसे बुडाले, असे कोणतीही बँक म्हणू शकत नाही. या बंधनामुळे यूपीआय बंद पडले नाही. उलट भाजीवालीच्या गाडीपर्यंत पोहोचले, कारण लोकांचा त्यावर विश्वास बसला.

आपल्या जुन्या कायद्यातही या विचाराचा धागा सापडतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १५१ दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याविषयी आहे. मोबदला घेऊन सांभाळणारा आणि विनामोबदला सांभाळणारा यांच्यात इंग्रजी कायद्याने भेद केला होता. भारतीय कायद्याने तो ठेवला नाही. शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी प्रत्येक सांभाळणाऱ्याने घेतलीच पाहिजे, असे त्याने सांगितले. ही तरतूद मालवस्तूंपुरती आहे आणि छायाचित्रांना किंवा संदेशांना ती थेट लागू होणार नाही, हे खरे. पण शेजाऱ्याकडे ठेवायला दिलेली पेटी ‘फुकट ठेवली होती’ म्हणून उकिरड्यावर टाकता येत नाही, ही जाण आपल्या कायद्याला दीडशे वर्षांपूर्वी होती.

टपाल खात्याचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १८९८ च्या कायद्याने पत्र हरवल्यास किंवा उशिरा पोहोचल्यास सरकारला मोठ्या प्रमाणात दायित्वातून मुक्त केले होते. भरपाईच्या बाबतीत टपाल खाते काही उदार नव्हते. पण त्याच खात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी स्वतंत्र कचेरी होती. तेथे अधिकृत कर्मचारी असे पत्र उघडून पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा शोधत आणि शक्य असेल तर ते परत करत. पत्र कोणाचे ते माहीत नाही, म्हणून ते आपले झाले, असे खात्याने मानले नाही.

सध्याच्या नियमांत काहीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे, २४ तासांत पोच देणे आणि १५ दिवसांत निकाल देणे बंधनकारक केले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर आणखी जबाबदाऱ्या टाकल्या. २०२३ मध्ये तीन तक्रार अपील समित्या स्थापन झाल्या. पानिपतच्या व्यापाऱ्याला या समित्या अस्तित्वात आहेत, हेच माहीत नव्हते, आणि त्याचा वकीलही त्याविषयी काही बोलला नव्हता. फसवणूक रोखण्यासाठी मोठ्या सेवा दरमहा लाखोंच्या संख्येने खाती बंद करतात. त्यांतील बहुतेक खाती खरोखरच भामट्यांची असतील. तरीही शंभरात एक निर्णय चुकला, तर दरमहा हजारो निरपराध माणसे निमूटपणे बाहेर फेकली जातात.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्या संस्थेला ‘फिड्युशिअरी’ म्हटले आहे. या शब्दात विश्वस्ताचा अर्थ आहे. नाव थोर आहे, पण विश्वस्ताची कर्तव्ये त्यात पुरती उतरलेली नाहीत. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून टाकण्याचा आणि मृत्यूनंतरसाठी वारसदार नेमण्याचा हक्क कायद्याने दिला, हे स्वागतार्ह आहे. परंतु २०१९ च्या विधेयकात असलेला आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क अंतिम कायद्यात राहिला नाही. सुरक्षेतील हलगर्जीबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तोही भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ज्या कलम ४३-अ खाली पीडिताला भरपाई मागता येत असे, ते वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार दोन कोटींहून कमी नसलेले वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने तीन वर्षे संपर्कात नसलेल्या व्यक्तीची माहिती पुसायची आहे, आणि त्याआधी किमान ४८ तासांची सूचना द्यायची आहे. साध्या थकबाकीच्या नोटिशीलाही आपण याहून अधिक मुदत देत असू.

मग या सेवांनी वापरकर्त्याचे नेमके काय देणे आहे? माझ्या मते चार गोष्टी. खाते बंद करायचे तर कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या कृत्याबद्दल, हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे. मराठी माणसाला मराठीत. त्याची हरकत यंत्राने नव्हे तर माणसाने ठरावीक मुदतीत वाचणे आणि सकारण उत्तर देणे. खाते बंद असतानाही त्याची स्वतःची छायाचित्रे, पत्ते आणि पत्रव्यवहार उचलून नेण्याची सोय ठेवणे. आणि सेवाच गुंडाळायची असेल तर पुरेशी आगाऊ सूचना देणे. यातील काहीही अशक्य कोटीतले नाही. ऑर्कुट ही सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली, तेव्हा तीन महिने आधी घोषणा झाली होती आणि आपली सामग्री उतरवून घेण्यासाठी सप्टेंबर २०१६ पर्यंत मुभा होती. युरोपीय संघाने २०१९ च्या एका निर्देशात पैशांऐवजी वैयक्तिक माहिती देणाऱ्यालाही ग्राहकाचे संरक्षण दिले, आणि त्यांच्या डिजिटल सेवा कायद्याने खातेबंदीची कारणे सांगणे व तक्रारीचा निर्णय केवळ यंत्रावर न सोडणे मोठ्या सेवांना बंधनकारक केले. चार मित्रांनी हौसेने चालवलेल्या छोट्या संकेतस्थळावर हे ओझे टाकू नये. ५० लाख वापरकर्त्यांची रेषा आपल्या नियमांत आहेच. तीच येथेही चालेल.

या चारही गोष्टींना धार यायची असेल तर ग्राहक कायद्याच्या कलम २(४२) मध्ये एक छोटी दुरुस्ती पुरेशी आहे: वापरकर्त्याच्या माहितीतून किंवा त्याला दाखवलेल्या जाहिरातीतून ज्या सेवेला उत्पन्न मिळते, ती ‘विनामूल्य’ समजली जाणार नाही, असे स्पष्टीकरण जोडावे. मग पानिपतच्या विणकराला दिल्लीचे उच्च न्यायालय गाठावे लागणार नाही. त्याच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाचे दार त्याला ठोठावता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती मी सरकारी चाकरीत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो. सेवेला जबाबदार धरण्याच्या निमित्ताने शासनाने स्वतःच मधला माणूस होऊ नये. अपील समित्यांचे सदस्य आज केंद्र सरकार नेमते. डेटा संरक्षण मंडळाचेही तेच. नागरिकाचे खाते का बंद केले, हे सेवेला विचारण्याचा अधिकार आणि ते खाते बंद करवण्याचा किंवा उघडून वाचण्याचा अधिकार एकाच हातात एकवटणे हितावह नाही. म्हणूनच या तक्रारी शासनाच्या मर्जीवर न चालणाऱ्या न्यायिक व्यवस्थेकडे जाव्यात. १७६१ मध्ये पत्र कासिदाने हरवले नव्हते, त्याने ते विकलेही नव्हते. ते वाटेत फोडले गेले ते राज्यकर्त्याच्या हातून. त्यामागे एका बापाची आणि सेनाधिपतीची व्याकुळता होती, हे समजण्यासारखे आहे. तरी ते पत्र दुसऱ्याचे होते.

त्या व्यापाऱ्याने पुढे एक वही घातली आहे. गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, दर आणि मागण्या तो रोज रात्री हाताने तिच्यात उतरवून ठेवतो. खाते अजून त्याच सेवेवर आहे, कारण गिऱ्हाईकही तेथेच आहे. त्याने मला विचारलेला प्रश्न, अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा, याचे उत्तर मला अद्याप नीट देता आलेले नाही. ते मी द्यायचे नसून संसदेने द्यायचे आहे.